बालवाङ्मयातील काळोख

मुलांच्या पुस्तकात मृत्यू असावा की नसावा, हा वाद आपल्याकडे तसा नवाच आहे. श्रावणबाळाला बाण लागतो, अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येत नाही, आणि ही दोन्ही मरणे अक्षरओळख होण्यापूर्वीच आमच्या मुलांच्या कानी पडलेली असतात. त्यांबद्दल कोणा पालकाने हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. हरकत निघते ती छापील पुस्तकाबद्दल, आणि त्यातही जे पुस्तक आरंभी हसवीत-खेळवीत पुढे आले व मध्येच ज्याने चेहरा पालटला, अशा पुस्तकाबद्दल. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेच्या हॅरी पॉटर या सात भागांच्या अद्भुत कथामालेतील पाचवा भाग, ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’, हे याचे ठळक उदाहरण होय. या भागाविषयी वाचकांनी जी नाराजी दाखविली, तिच्यात तथ्य किती व गैरसमज किती, हे पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मालेचा पहिला भाग २६ जून १९९७ रोजी प्रसिद्ध झाला. चौथा जुलै २००० मध्ये आला, आणि त्यानंतर तीन वर्षे वाचकांस तिष्ठत ठेवून २१ जून २००३ रोजी पाचवा बाहेर पडला. ब्रिटनमधील आवृत्तीची पृष्ठसंख्या ७६६; सातही भागांत हाच सर्वांत जाड. एकट्या अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. मराठीत ही माला भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने आणली. पहिल्या भागास ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हे नाव मिळाले, व ते आम्हांस फार समर्पक वाटते. लोखंडाचे सोने करणारा इंग्रजी पुस्तकातील दगड आमच्या संतांच्या ओव्या-अभंगांतून पूर्वीच परिचयाचा झालेला होता, त्यास नवे नाव शोधण्याचे कारणच नव्हते. पुढील भाग मंजूषा आमडेकर यांनी मराठीत उतरविले. एवढ्या विस्ताराचे व एवढ्या नव्या शब्दांचे लेखन मराठीत आणणे हे कष्टाचे काम आहे, आणि आमच्या समीक्षकांनी त्याची जितकी दखल घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाही.

आमचे पारोळे हे धुळे-जळगाव रस्त्यावरील तालुक्याचे गाव. येथील भुईकोट किल्ल्याचे नाते झाशीच्या राणीच्या सासरच्या घराण्याशी जोडलेले आहे, आणि १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी तो जहागीरदारांकडून काढून घेतला, हे येथल्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. पराभवाची कथा येथे दगडामातीत उभी आहे. असे असूनही, हॅरी पॉटरच्या पाचव्या भागाबद्दल आम्ही गावातील वाचणाऱ्या घरांतून जे ऐकले ते लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकांनी जे म्हटले त्याहून फारसे निराळे नव्हते. पुस्तक फार लांबले आहे. हॅरी सारखा चिडतो, ओरडतो. त्याच्या प्रेमाचे माणूस उगाच मारले आहे. आणि आता हे मुलांचे पुस्तक राहिले नाही. एका घरी तर तिसऱ्या भागापर्यंतची पुस्तके मुलांच्या फळीवर आणि चौथ्यापासूनची मोठ्यांच्या कपाटात कुलपात, अशी वाटणी आम्ही पाहिली आहे.

या नाराजीत एक गोष्ट मात्र आमच्याकडील वाचकांची स्वतःची आहे, आणि तिचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. इंग्रजीतून ही माला वाचणारा मूळचा वाचक तिच्याबरोबर वाढला. १९९७ साली जो दहा वर्षांचा होता तो २००३ साली सोळा वर्षांचा झाला. हॅरीस राग आला तेव्हा त्यालाही घरच्यांचा राग येऊ लागलेला होता, आणि पुस्तकावर पडलेली सावली त्याच्या स्वतःच्या वयावरही पडलेली होती. आमच्याकडे तसे घडले नाही. खानदेशात ही पुस्तके पुण्या-मुंबईच्या आप्तांकडून, जळगावच्या दुकानांतून, एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी अशी फिरत आली, आणि आली ती बहुधा गठ्ठ्यानेच. आखाजीला मामाच्या घरी आलेले नऊ-दहा वर्षांचे पोर उन्हाळ्याच्या सुटीत पहिला भाग उघडते व शाळा सुरू होण्याच्या सुमारास पाचव्यापाशी येऊन ठेपते. लेखिकेने जो काळोख सहा वर्षांत थोडाथोडा उतरविला तो या मुलावर सहा आठवड्यांत कोसळतो. तेव्हा आमच्याकडील पालकांची तक्रार अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. परंतु ती खरी पाहता वाचनाच्या गतीबद्दलची तक्रार आहे, आणि तिचा दोष पुस्तकाच्या माथी मारला जातो.

हॅरीच्या ओरडण्याबद्दल एक लहानसा परंतु मौजेचा मुद्दा सांगतो. मूळ पुस्तकात त्याचा संताप मोठ्या लिपीतील अक्षरांत, ओळीच्या ओळी, छापलेला आहे. ती पाने उघडताच डोळ्यांवर आघात होतो, आणि कित्येक इंग्रजी वाचकांचा वैताग त्या छपाईवरच निघाला. आमच्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. येथे संताप दाखवावयाचा तर भाषांतरकारास शब्दांवर व वाक्याच्या तोडीवरच भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे मराठी वाचकास हा मुलगा चिडखोर वाटतो त्यापेक्षा दुखावलेला अधिक वाटतो, निदान आम्हांस तरी तसे वाटले. आणि आमच्या मते तोच लेखिकेच्या अंतरीचा हेतू असावा. पोरक्या, ज्याचे कोणी ऐकून घेत नाही अशा पंधरा वर्षांच्या मुलाने शांतपणे व विवेकाने बोलावे, अशी अपेक्षा धरणाऱ्यांनी पंधरा वर्षांचा मुलगा घरात वागविलेला नसावा.

विद्वानांचे आक्षेप निराळेच होते. ए. एस. बायट या इंग्रज कादंबरीकर्तीने पाचवा भाग निघाल्यानंतर लागलीच, जुलै २००३ मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून या पुस्तकांतील जादूत खरे गूढ नाही, व प्रौढ माणसे त्यांत बालपणाची सुखरूप ऊबच शोधीत असतात, अशा आशयाची टीका केली. गंमत अशी की त्याच महिन्यात सामान्य वाचक नेमके उलट म्हणत होता. त्याची तक्रार होती की ती ऊब आता उरली नाही! एकाच पुस्तकावर ऊब असल्याचा व नसल्याचा असे दोन्ही आरोप व्हावेत, यावरून निदान एवढे तरी दिसते की दोघांपैकी एकाने पुस्तक नीट वाचले नव्हते. बायटबाईंविषयी आदर ठेवूनही आमचा कौल येथे सामान्य वाचकाच्या बाजूने पडतो. पाचव्या भागात ऊब नाही हे त्याने बरोबर ओळखले.

मात्र ती का नाही, याचे कारण त्याने चुकीचे दिले. तो म्हणतो, मरण आहे म्हणून. परंतु मरण तर चौथ्या भागातही आहे. सेड्रिक हा सरळ स्वभावाचा, गुणी विद्यार्थी तेथे एका क्षणात मारला जातो, आणि तोही काही अपराध नसताना. तरीही चौथा भाग संपविताना वाचक खचत नाही, कारण दुष्ट कोण व सुष्ट कोण याविषयी त्याच्या मनात संशय राहत नाही. पाचव्या भागातला काळोख खलपुरुषाच्या वाट्याचा नाहीच. व्होल्डेमॉर्ट येथे पुस्तकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ दिसतच नाही. काळोख येतो तो वडील माणसांकडून, आणि त्यातही ज्यांच्यावर मुलाने विसंबावे अशांकडून. सरकार घडलेले नाकारते, वर्तमानपत्र खरे बोलणाऱ्या मुलास खोटारडा ठरविते, आणि शाळेत सरकारने पाठविलेल्या एक बाई येऊन बसतात.

या अम्ब्रिजबाईंविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमच्याकडे सर्वांत तीव्र प्रतिक्रिया उमटली ती त्यांच्याच बाबतीत. गुलाबी वस्त्रे, मधाळ आवाज, भिंतीवर मांजरांची चित्रे असलेल्या बश्या. आणि शिक्षा अशी की मुलाने एकच वाक्य लिहीत राहावे व लिहिलेले प्रत्येक अक्षर त्याच्याच हाताच्या कातडीवर कोरले जाऊन शाईऐवजी त्याचेच रक्त कागदावर उतरावे. आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक हा भाग वाचून फार अस्वस्थ झाले. त्यांचे म्हणणे असे की राक्षस कितीही क्रूर रंगविला तरी चालेल, शिक्षक असा रंगवू नये. मुलांच्या मनात गुरूविषयी जी श्रद्धा असते तिला धक्का बसतो. आक्षेप प्रामाणिक आहे, आणि ज्या परिसरात अमळनेरच्या शाळेतून साने गुरुजींनी शिकविले तेथे तो निघणे स्वाभाविकही आहे. परंतु त्याच पुस्तकात मॅकगोनागलबाई आहेत. त्या करड्या शिस्तीच्या आहेत, पण विद्यार्थ्यावर अन्याय होताना पाहून सरकारी अधिकाऱ्यासमोर त्या ताठ उभ्या राहतात. गुरूची प्रतिष्ठा खऱ्या गुरूने राखावयाची असते, ती खोट्याचे चित्र झाकून राहत नाही. शिवाय मुलांस विचारून पाहावे. अम्ब्रिजबाई मुलांस नवीन वाटत नाहीत. व्होल्डेमॉर्टसारखा कोणी त्यांना कधी भेटलेला नसतो, पण गोड बोलून लागट शिक्षा करणारे माणूस बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिलेले असते. म्हणून ती पाने वाचताना मुले भितात त्यापेक्षा अधिक ओळखतात.

वडिलांच्या प्रतिमेचेही असेच आहे. चार भाग हॅरी आपल्या मृत पित्याची मूर्ती मनात पूजीत आलेला असतो. पाचव्या भागात त्याला दुसऱ्याची एक आठवण पाहावयास मिळते, आणि तीत त्याचा पिता, पंधरा वर्षांचा, केवळ करमणुकीखातर एका दुबळ्या मुलाची सर्वांसमक्ष विटंबना करताना दिसतो. मेलेल्या माणसाचा दोष काढू नये अशी आपली रीत. येथे तो दोष मुलाच्याच डोळ्यांना दिसतो, व तो कोणी पुसून टाकीत नाही. सबंध मालेत यापेक्षा धीट प्रसंग आम्हांस आढळला नाही.

आणि तरीही या पुस्तकातील सर्वांत हृद्य प्रसंग कोणता असे विचाराल तर आम्ही रुग्णालयातील बोट दाखवू. नेव्हिल हा गोल चेहऱ्याचा, सदा धांदरट असलेला मुलगा; आतापर्यंत वाचक त्याला हसत आलेला असतो. नाताळच्या सुटीत तो आजीबरोबर रुग्णालयात येतो. तेथे त्याचे आईवडील वर्षानुवर्षे आहेत. छळाने त्यांचे भान हरपले आहे, मुलास ते ओळखीत नाहीत. आई जवळ येते आणि त्याच्या हातात गोळीचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, टाकून दे. नेव्हिल तो कागद हळूच खिशात घालतो. एवढेच. लेखिका येथे एक विशेषणही वापरीत नाही. जी लेखणी इतरत्र पाने भरभरून वाहवत जाते तीच येथे कशी थांबते, हे नव्याने लिहिणाऱ्यांनी अवश्य पाहावे.

आता सिरियसच्या मृत्यूकडे वळू, कारण वाचकांचा मुख्य रोष त्यावर आहे. सिरियस हा हॅरीच्या पित्याचा मित्र, त्याचा धर्मपिता, आणि या पोरक्या मुलास उरलेले घर. लढाईत एका मंत्राच्या आघाताने तो मागे कोलमडतो, आणि एका जुनाट कमानीवर टांगलेल्या फाटक्या पडद्याआड जातो. पलीकडे कोणी नसते. प्रेत नाही, अखेरचे शब्द नाहीत, अंत्यसंस्कार नाही. अनेक वाचकांनी हे मरण मानलेच नाही. पुढील भाग येईपर्यंत तो परतेल अशी आशा बाळगणारे सर्व देशांत होते. कित्येकांनी हा कथारचनेतील दोष मानला. मरण इतके निरर्थक कसे, असे त्यांचे म्हणणे.

येथे आम्हांस चौथ्या भागाची आठवण द्यावीशी वाटते. तेथे सेड्रिकचा आत्मा हॅरीस विनवितो की माझा देह माझ्या आईवडिलांकडे ने, आणि हॅरी जिवावर उदार होऊन तो नेतो. देह घरी आला की दुःखास बसावयास जागा मिळते. आमच्या खानदेशात आखाजीला मातीची घागर भरून पितरांच्या नावाने पूजतात. घरातले लहान मूलही ती घागर कोणाची हे विचारते आणि त्याला नाव सांगितले जाते. मृत्यूला असे नाव, तिथी व पाणी मिळाले की तो घरातला होतो. सिरियसच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही, आणि म्हणूनच तो वाचकाच्या अंगावर येतो. २०२० व २०२१ या दोन वर्षांनंतर तर हा प्रसंग आमच्याकडे निराळाच वाचला जाऊ लागला आहे. त्या साथीत घरचे माणूस दवाखान्याच्या दारातून आत गेले, दार लागले, आणि देहही घरी आला नाही, असे कित्येक कुटुंबांत घडले. ओळखीच्या एका घरी अशाच प्रकारे आजोबा गेलेले. तेथील सातवीतल्या मुलीस आम्ही विचारले की सिरियसचे मरण तुला उगाच घातलेले वाटते का. ती म्हणाली, “नाही काका, पडदा होता ना तिथे.” तिला अधिक काही सांगावेसे वाटले नाही आणि आम्हीही पुढे विचारले नाही.

पाचव्या भागातच लेखिकेने एक विलक्षण कल्पना योजिली आहे. शाळेच्या गाड्या इतकी वर्षे आपोआप चालताना हॅरीला दिसत. या वर्षी त्याला दिसते की त्यांना हाडकुळे, पंखांचे काळे घोडे जुंपलेले आहेत. ते पूर्वीही होतेच. परंतु ज्याने मृत्यू डोळ्यांनी पाहिला त्यालाच ते दिसतात. शेजारी बसलेल्या मित्रास ते दिसत नाहीत, आणि आई गमावलेल्या लूनाला दिसतात. या पुस्तकाच्या वाचकांचेही असेच दोन वर्ग पडतात, असे आम्हांस वाटते. ज्या मुलाच्या घरी अद्याप कोणी गेलेले नाही त्याला हा भाग लांबलेला, रडका वाटतो. गाडी आपोआप चालते आहे असे त्याला दिसते. ज्याच्या घरी कोणी गेले आहे त्याला घोडे दिसतात. तेव्हा पुस्तक ‘मुलांचे’ आहे की नाही हा प्रश्न वयावर सोडविता येणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीला ते घोडे दिसू शकतात, आणि चाळिशीच्या सुखवस्तू गृहस्थास दिसत नाहीत.

आमच्या मुलांना हे सोसवेल का, असे विचारणाऱ्यांनी ‘श्यामची आई’ आठवावी. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले व १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक महाराष्ट्रातील मुलांच्या किती पिढ्यांनी रडत रडत वाचले! त्यात आई जाते, आणि बेचाळिसावी, अखेरची रात्र तिच्या स्मृतिश्राद्धाची आहे. तेथे काळोख कमी आहे काय? दारिद्र्य आहे, अपमान आहे, कर्ज आहे. फरक एवढाच की श्यामपासून घरातील माणसे काही लपवीत नाहीत. कर्ज आहे हे त्याला ठाऊक, वडिलांचा अपमान झाला हे ठाऊक. दुःखात मुलास वाटेकरी केलेले आहे, म्हणून ते दुःख त्याला मोडीत नाही.

हॅरीच्या बाबतीत नेमके उलट केले जाते, आणि आमच्या मते पाचव्या भागाचे मर्म येथेच आहे. मुख्याध्यापक डम्बलडोर यांना या मुलाविषयीचे भाकित पहिल्यापासून ठाऊक आहे. ते सांगत नाहीत. वर्षभर ते त्याच्या नजरेला नजरही देत नाहीत. घरातील मोठी माणसे बैठका भरवितात, दार लावून घेतात, आणि मुलांना वर झोपावयास पाठवितात. काही न कळलेला मुलगा अर्धवट कळलेल्यावर धावून जातो, सापळ्यात सापडतो, आणि त्याला सोडविण्यासाठी आलेला सिरियस मरतो. अखेरीस तो वृद्ध मुलासमोर कबूल करतो की चूक माझी होती; तुझे बालपण आणखी थोडे टिकावे म्हणून मी बोललो नाही. या कबुलीपूर्वीच हॅरीने त्यांच्या खोलीतील वस्तू फोडलेल्या असतात, आणि आम्ही त्याला दोष देत नाही. पुस्तक कपाटात कुलपात ठेवणाऱ्या पालकांचा हेतू डम्बलडोर यांच्याइतकाच प्रेमळ आहे यात शंका नाही. त्यांनी ते कुलूप काढून एकदा स्वतः सदतिसावे प्रकरण वाचावे, एवढीच आमची विनंती आहे.

याचा अर्थ पुस्तक निर्दोष आहे असा नव्हे. मधली दोनशे पाने सहज गाळता आली असती. हॅग्रिडच्या राक्षसी भावाचे प्रकरण कथेस जड झाले आहे, आणि शाळेवर निघणारे सरकारी हुकूमनामे चारपाच झाल्यावर वाचकास मुद्दा कळलेला असतो, लेखिकेस मात्र तो पुरेसा कळविल्यासारखा वाटत नाही. यशस्वी लेखकाच्या हस्तलिखितावर संपादकाची कात्री चालेनाशी होते, हा अनुभव आपल्या मराठीतही नवीन नाही. मूल कंटाळून मध्येच पुस्तक खाली ठेवील तर त्यास हट्टाने वाचावयास लावू नये.

सहावा भाग १६ जुलै २००५ रोजी निघाला. त्यात डम्बलडोर स्वतः हॅरीच्या दारी येतात आणि वर्षभर त्याला जवळ बसवून शत्रूचा पूर्वेतिहास उलगडून दाखवितात. अखेरीस ते मारले जातात. हानी सिरियसच्या मृत्यूहून मोठी आहे. परंतु येथे देह आहे, तळ्याकाठी पांढरी समाधी आहे, सारी शाळा जमली आहे. आमच्या परिचयातील ज्या घरांनी पाचव्या भागाला काळोखा म्हटले त्यांपैकी एकानेही सहाव्यास तसे म्हटले नाही.